चौकातील प्रदक्षिणा



भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ सालच्या भारत-सोविएत करारातून जन्मास आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याभोवती दोन निराळ्या वस्त्या वाढल्या. एक सेक्टरांची. तिचे रस्ते आधी कागदावर आखले गेले, आणि त्यांत गोल चौकही आले. दुसरी, नावात आजही 'कॅम्प' हा शब्द वागवणारी, कॅम्प-१ सारखी. घराला घर लागून गल्ल्या झालेली. दोहोंच्या मध्ये जी. ई. रोड आणि लोहमार्ग. कॅम्पातला मनुष्य कामासाठी एका वस्तीतून दुसरीत जातो, तेव्हा तो गल्लीचा कायदा सोबत घेऊन जातो.

गल्लीचा कायदा सोपा आहे. ज्याने आधी चाक घातले त्याची वाट. आणि दोघांनी एकदम घातले, तर ज्याचा भोंगा मोठा त्याची. गोल चौकात हा कायदा चालत नाही, आणि तेथेच सारा घोटाळा होतो. पाळी सुटण्याची वेळ असते. सायकली, स्कुटरी, रिक्षा आणि मालमोटारी चारी बाजूंनी एकदम बेटाला भिडतात. आत शिरणारा थांबत नाही. फेरा घेणारा अडतो. त्याच्या मागचे वाहन अडते, आणि घटकाभरात सगळे वर्तुळ जागच्या जागी गोठते. मग जो तो म्हणतो, 'हे बेट कोणी बांधले?'

बेट बांधणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. साध्या चौकात चार रस्ते मिळतात तेव्हा वाहनांचे मार्ग एकमेकांस छेदण्याच्या वा मिळण्याच्या बत्तीस जागा निर्माण होतात. एकपदरी गोल चौकात त्या आठच उरतात. शिवाय वळणामुळे वेग आपोआप उतरतो, आणि समोरासमोर टक्कर होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. न्यूयॉर्कचे कोलंबस सर्कल १९०५ सालचे. इंग्लंडमधील लेचवर्थ या उद्याननगरीत १९०९ च्या सुमारास असे बेट झाले. पण आधी कोणी जावे याचा नियम मात्र बेटांबरोबर आला नाही. म्हणून रहदारी वाढताच तेथेही वर्तुळे गोठू लागली. अखेर फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने आग्रह धरला, आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रिटनने नियम केला : बाहेरून येणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्यास, म्हणजेच फेरा घेत असलेल्यास, वाट द्यावी.

या एका वाक्याने एवढा फरक का पडावा? ज्यांच्या घरी जाते होते त्यांना हे सांगावे लागणार नाही. जात्यात दाणे घासाघासाने घालावे लागतात. आतले दळून बाहेर पडण्याआधी वरून मूठ कोंबली, की जाते जड होते. चौकाचेही तेच आहे. आतल्याला बाहेर पडू दिले, तरच बाहेरच्याला जागा मिळते.

आपल्याकडे हा नियम परका नाही. १९३९ च्या मोटारवाहन कायद्यातही चौकात उजवीकडून येणाऱ्यास वाट देण्याचे तत्त्व होते. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी तर गोल चौकात आधीच असलेल्या वाहनाचा हक्क स्पष्ट मान्य केला. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी देवळात आपण काय करतो? देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो. डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या आपल्या देशात बेटही उजव्या हातालाच राहते. गाभाऱ्याभोवती फिरणाऱ्या भाविकांत नवा आलेला मनुष्य धक्का मारून घुसत नाही. जागा पाहतो आणि मग पाऊल टाकतो.

येथे सज्जनांसही एक विनंती आहे. आत असताना थांबून 'या, आपण आधी' म्हणणारा दयाळू चालक वर्तुळ गोठवण्यास तितकाच कारण होतो. आपला हक्क असेल तेथे तो संथपणे बजावणे, आणि बाहेर पडताना डावीकडचा इशारा देणे, हीच तेथील सभ्यता.

दोष केवळ चालकांचा नाही. बेटाच्या तोंडाशी थांबणाऱ्या रिक्षा, उजवीकडची सायकल झाकून टाकणारे फलक, पुसून गेलेल्या पांढऱ्या रेघा, यांची जबाबदारी आम्हा सरकारी नोकरांवर येते. नियम रस्त्यावर दिसला नाही, तर तो पाळला जात नाही म्हणून लोकांना रागे भरण्याचा अधिकार आम्हांला उरत नाही. आणि रहदारी फारच वाढली, तर बेट हटवून दिवे लावावे लागतात, हेही मान्य केले पाहिजे.

पण दिवा केवळ हुकूम देतो. बेट मात्र प्रत्येकाला उजवीकडे पाहायला लावते. आणि उजवीकडे बहुधा रात्रपाळी करून घरी निघालेला, डोळ्यांवर झोप असलेला एखादा सायकलस्वार असतो. त्याच्याजवळ भोंगा नसतो, पोलादी कवच नसते. तो वर्तुळात आपल्या आधी शिरला आहे, एवढाच त्याचा हक्क. आणि तो आपण मानला, तरच तो सुखरूप घरी पोहोचतो.