देवदूतांच्या गाडीचा दोर

अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहराच्या मध्यभागीं बंकर हिल नांवाची टेकडी आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीस तिच्या माथ्यावर धनिकांचे वाडे होते आणि बाजार पायथ्याशीं. चढण इतकी उभी, कीं बाजारहाट करून परतणारांची दमछाक होई. कर्नल जे. डब्ल्यू. एडी यांनीं १९०१ सालीं तेथें दोरावर चालणारी गाडी सुरू केली. लांबी अवघी ३०० फुटांच्या आंतबाहेर, भाडें एक सेंट, आणि नांव काय, तर ‘एंजल्स फ्लाइट’, म्हणजे देवदूतांचें उड्डाण! दोन डब्यांस नांवेंही बायबलांतील पर्वतांचीं : सायनाय व ऑलिव्हेट.

रहाटाच्या दोरास दोन टोकांना दोन पोहरे बांधले, तर एक खालीं जातांना दुसरा वर येतो. येथेंही तेंच. डबे परस्परांस तोलून धरतात; यंत्राला उतारूंच्या वजनांतील फरक आणि घर्षण एवढ्याशींच झगडावें लागतें. मध्यावर रूळ फाकतात व डबे एकमेकांस वाट देतात.

टेकडीवरील जुने वाडे पाडून नवी वस्ती करण्याचें ठरलें, तेव्हां १९६९ सालीं गाडी उखडून ठेवण्यांत आली. १९९६ मध्यें ती जवळच पुन्हां उभारली. डबे तेच, तोच नारिंगी व काळा रंग; यंत्र मात्र नवें, आणि घोटाळा झाला तो तेथेंच. प्रत्येक डब्याचा दोर आतां निराळ्या चाकावर गुंडाळला जाई व तीं चाकें दांत्यांनीं जोडलेलीं होतीं. १ फेब्रुवारी २००१ रोजीं त्यांतील एक सांधा निसटला. माथ्याजवळ पोंचलेला सायनाय सुटून मागें घसरला आणि ऑलिव्हेटवर आदळला. एक वृद्ध दगावला, सात जण जखमी झाले. आणीबाणीचा ब्रेक निकामी होता. सरकारी चौकशींत रचनेवर व देखरेखीवर ठपका आला. रंग सर्वांस दिसतो, ब्रेकची विचारपूस कोण करतो?

२०१० मध्यें नवीन यंत्रावर गाडी पुन्हां धांवूं लागली. २०१३ सालीं एक डबा रुळांवरून घसरला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. पण चौकशींत काय आढळावें? सुरक्षेची योजना गाडी अडवी, म्हणून चालकवर्ग झाडाची एक फांदी अडकवून सुरू करण्याची कळ दाबून ठेवी!

३१ ऑगस्ट २०१७ रोजीं गाडी पुनश्च सुरू झाली, तेव्हां रुळांच्या कडेनें उतारूंस पायीं उतरण्याजोगी वाट बांधलेली होती.