फोन मुका झाला तर

वालावलला लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी उभे आहात, सोबतच्याचा तुमच्याच कंपनीचं सिम असलेला फोन लागतोय, तुमचा मात्र मुका. मग दोष बहुधा टॉवरचा नाही. आधी फ्लाइट मोड चालू-बंद करा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं, तर सेटिंग्जमध्ये 'रीसेट' शोधा आणि फक्त 'नेटवर्क सेटिंग्ज' निवडा. फोटो, नंबर, व्हॉट्सॲप जागच्या जागी राहतात; पुसले जातात ते वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या. गणपतीला आलेल्या मुंबईकर पुतण्याने घालून दिलेला पासवर्ड आधी कागदावर उतरवा! ई-सिम असेल, तर ते पुसण्याच्या चौकटीत खूण नको. 'रीसेट'च्याच यादीत 'सगळा डेटा पुसा' असंही असतं. त्याला बोट लावू नका.