बाबुराव पेंटर आणि कॅमेऱ्याबाहेरचा पाश

(एचएसआर लेआउट, बंगळुरू इथल्या वाचन गटात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सिनेमाचा इतिहास आपण फाळक्यांपासून सांगतो. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या बाबुराव कृष्णराव मेस्त्रींनी तो घडवला. १८९० साली सुतार कुटुंबात जन्मलेल्या या माणसाला चित्रकलेचं औपचारिक शिक्षण नव्हतं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते ‘पेंटर’ झाले, आडनाव मागे पडलं. आनंदराव पेंटर यांच्यासोबत कॅमेऱ्याचा खटाटोप सुरू झाला. १९१६ साली आनंदराव गेले. मग दामल्यांना हाताशी धरून बाबुरावांनी १९१८ साली तो पुरा केला.

याला कुणी ‘जुगाड’ म्हटलं की मला राग येतो. लाकूड, धातू, भिंग यांचं माप कळणं हे ज्ञानच आहे. पण ज्या जातींकडे ते होतं, त्यांना आपण कारागीर म्हणतो आणि पुढे जातो.

‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ला गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला. १९२० च्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनुसूयाबाई पडद्यावर आल्या, ‘घरंदाज’ बायका तयार नसताना. पुढे प्रभात काढणारे दामले, फत्तेलाल, शांताराम याच कंपनीतले. ती नावं सगळ्यांना पाठ आहेत. या तिघींची?

आता १९२५ चा ‘सावकारी पाश’. कथा ना. ह. आपट्यांची, तरुण शेतकरी झालेत शांताराम. खोट्या कागदावर सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. पौराणिक पटांच्या गर्दीत हे धाडस होतं, याबद्दल वाद नाही. अंधारी झोपडी आणि रडणारं कुत्रं, हे दृश्य पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिलं.

पण मी इथे अडखळते. सावकाराला गिळायला आधी जमीन लागते. वतनाच्या नावाखाली गावाची वेठ करणाऱ्या महाराचा पाश वेगळा होता. कॅमेरा तयार झाला त्याच १९१८ साली, त्याच कोल्हापुरात, शाहू महाराजांनी महार वतनं रद्द केली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचं विधेयक मांडलं. म्हणजे प्रश्न दाराशी होता. तरी आपल्या पहिल्या वास्तववादी सिनेमाचा नायक जमीन असलेला शेतकरीच राहिला. बाबुरावांनी १९३६ साली तो बोलपट म्हणून पुन्हा केला, तेव्हाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांनी हा सिनेमा पाहिल्याची आठवण निघत असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा. कुठे बसून पाहिला, हेही सांगा.

जय भीम.