शंकरपाळ्यातला शंकर

दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आमच्या घरी फराळाचं ताट यायचं. वर विणलेला रुमाल, खाली करंज्या, चकल्या, चिवडा आणि कडेला शंकरपाळे. लहानपणी मी अम्मीला विचारलं होतं, "हा शंकराचा प्रसाद का गं?" अम्मी म्हणाली, "नाव कुणाचंही असू दे, भावंडांना देऊन खा."

पुढं कॉलेजात असताना माझी एक कविता संपादकांकडून परत आली. 'जमीन' या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा : 'परका शब्द. भूमी वापरा.' मी मुकाट्यानं बदल केला. कविता छापून आली, ती वडिलांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बेटा, आपल्याकडं भूमी कुठली? आपली दोन एकर जमीन आहे."

तेव्हापासून शब्दांची कुळं शोधायचा नाद लागला. फारसी-मराठी कोश १९२५ साली सिद्ध केला तो माधव जूलियन या मराठी कवीनंच, हेही तेव्हा कळलं.

शंकरपाळ्याचा शंकराशी संबंध नाही. फारसीत 'शकर' म्हणजे साखर आणि 'पारा' म्हणजे तुकडा. हिंदीत तो शक्करपारा राहिला. मराठीत 'पारा'चं 'पाळा' झालं आणि अनोळखी 'शकर'ला लोकांनी ओळखीचं नाव दिलं, शंकर! तुर्कस्तानात 'शेकेरपारे' नावाची मिठाई आहे. ती गोल, भट्टीत भाजून पाकात मुरवलेली. पदार्थ वेगळा, नाव तेच.

पण फारसीतली 'शकर' तरी कुठली? ती आपल्याच 'शर्करे'ची लेक. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात वाळू, खडे. उसाच्या रसाचे तसे दाणे होऊ लागले, तेव्हा त्यांनाही तेच नाव मिळालं. अरबी 'सुक्कर' आणि इंग्रजी 'शुगर' याच घराण्यातले. एक बहीण प्राकृताच्या वाटेनं घरीच राहिली, ती साखर. दुसरी इराणला जाऊन परत आली, ती शकर. शंकरपाळे करताना परातीत पडते ती साखर आणि ताटात येते ती शकर.

आता यातली परकी कोणती, सांगा.

पुढं संग्रह काढताना मी त्या कवितेत 'जमीन' पुन्हा जागेवर ठेवली. ती ऐकायला वडील मात्र राहिले नव्हते.