चहाविषयीच्या चिठ्ठ्या

विसर्जन झालं की आठ-दहा दिवसांनी आमच्या गणेश मंडळाची हिशेबाची बैठक भरते. मांडवाचं भाडं, वर्गणी, उरलेली शिल्लक हे सगळं पंधरा मिनिटांत उरकतं आणि मग खरी बैठक सुरू होते. मिरवणुकीला उशीर कुणामुळे झाला? जनरेटरमध्ये डिझेल भरायचं काम कुणाचं होतं? ज्याचं नाव निघतं, तो पुढच्या वर्षी मंडळाकडे फिरकत नाही. जनरेटर मात्र पुढच्या वर्षीही बंद पडतो. तुमच्याकडे मंडळ नसेल, तर लग्नघर आठवून पाहा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. आमच्याकडेही अशी बैठक असते, पण दर दोन आठवड्यांनी. तिला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात, म्हणजे मागे वळून पाहणं. पूर्वी काय चुकलं याची चर्चा झालीच, तर सगळं काम संपल्यावर व्हायची. तोवर वर्ष उलटलेलं असायचं आणि निम्मी माणसं दुसऱ्या कामावर गेलेली असायची. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथं १७ जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. त्याला जोडलेल्या १२ तत्त्वांपैकी शेवटचं हेच आहे, की टीमनं ठरावीक काळानं थांबून आपल्या कामाची पद्धत तपासावी आणि सुधारावी. त्याच वर्षी नॉर्मन कर्थ यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यांचा आग्रह असा, की बैठकीला बसताना एक गोष्ट धरून चालायची : त्या वेळी जे ठाऊक होतं आणि जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकानं आपल्या परीनं चांगलंच काम केलं.

ऐकायला हे भाबडं वाटतं. मलाही वाटलं होतं.

बैठकीची रीत साधी आहे. प्रत्येकानं पाच-दहा मिनिटं न बोलता चिठ्ठ्या लिहायच्या आणि भिंतीवर चिकटवायच्या. (माणसं घरून काम करत असतील, तर भिंत संगणकाच्या पडद्यावर येते.) आधी लिहायचं, कारण नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचीच बैठक होते. मग महत्त्वाच्या वाटतील त्या चिठ्ठ्यांवर सर्वांनी ठिपके द्यायचे आणि जास्त ठिपक्यांच्या एक-दोन गोष्टी बदलायला घ्यायच्या. दहा घेतल्या तर एकही होत नाही, हा माझा अनुभव.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका ग्राहकाचं काम सकाळी चार तास बंद पडलं. त्यानंतरच्या बैठकीत कॉलेजातून येऊन दोनच वर्षं झालेल्या एका मुलानं लिहिलं, “चाचणी न करता बदल मी चढवला.” का, असं विचारल्यावर म्हणाला, “सर, रात्रीचे अकरा वाजून गेले होते. चाचण्यांना पाऊण तास लागतो आणि शेवटची बस साडेअकराची होती.” त्याच्या त्या चिठ्ठीमुळे कळलं, की कमीअधिक प्रमाणात सगळेच तसं करत होते. आम्ही महिनाभर खपून चाचण्या दहा मिनिटांवर आणल्या. तसा घोटाळा पुन्हा झाला नाही.

चार महिन्यांनी वार्षिक मूल्यमापन आलं. कुणाला तरी खालची श्रेणी द्यायचीच, असा तेव्हा नियम होता, आणि श्रेणी द्यायची तर कारण लिहावं लागतं. मी त्या मुलाचं ते वाक्य लिहिलं.

तो काहीच बोलला नाही. पुढच्या बैठकीत भिंतीवर चिठ्ठ्या भरपूर आल्या : ‘सगळं छान’, ‘टीमवर्क उत्तम’, ‘चहा बरा हवा’. त्याच्या पुढच्या बैठकीतही चहाच. आम्ही चहावाला बदलला, तरी चहाच. शेवटी आमच्या एका ज्येष्ठ टेस्टर बाईंना मी बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “सर, चहाबद्दल बोललेलं कुठं लिहिलं जात नाही.”

मी त्या मुलाकडे गेलो आणि चुकलो म्हणालो. श्रेणी बदलायचा प्रयत्न केला, पण मुदत टळून गेली होती. दोन महिन्यांनी तो दुसरीकडे लागला. पुढच्या बैठकीत पहिली चिठ्ठी मी माझ्याच हातानं लावली आणि त्यावर हे सगळं लिहिलं. तेव्हापासून बैठक चालवायचं काम टीममधली माणसं पाळीपाळीनं करतात. श्रेणी देणारा माणूस, म्हणजे मी, बोलावलं तरच जातो.

पाच-सहा महिने मला कुणी बोलावलं नाही. मग एका शुक्रवारी बोलावणं आलं. भिंतीवर चहाची चिठ्ठी नव्हती. मधोमध एक होती : ‘कामाची तारीख आम्हाला न विचारता ग्राहकाला दिली जाते.’ दिली कुणी, ते लिहिलेलं नव्हतं. तारखा मीच देत होतो. त्या दिवशी सर्वांत जास्त ठिपके त्याच चिठ्ठीला मिळाले, त्यातला एक माझा.