पर्याय झाकून उत्तर द्या

(विहाराच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गिरणीत साचाखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने विमानाच्या परीक्षेवर काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. बरोबर आहे. आम्ही विमानात अजून पाऊलसुद्धा ठेवलेले नाही. परंतु आमच्या धाकट्या भावाची मुलगी प्रायव्हेट पायलट लायसन्सच्या लेखी परीक्षेला बसली, आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर तिला प्रश्न विचारायचे काम आमच्याकडे आले. त्यात जे पाहिले तेवढेच सांगतो.

हे लायसन्स वयाच्या 17 व्या वर्षी मिळू शकते, शिक्षण दहावी पास चालते. प्रत्यक्ष उड्डाण वेगळे, त्याशिवाय लेखी परीक्षा. हवाई नियम, दिशादर्शन, हवामान, विमान व इंजिन असे विषय. प्रश्नाखाली पर्याय दिलेले असतात, शंभरात सत्तर मिळाले म्हणजे पास. भारतात दिलेले पहिले लायसन्स जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळाले, त्याच्यावर नंबरच 1 होता. त्या काळी आपली पोरं विमान बघायला मान वर करीत होती, एवढाच आपला संबंध.

पोरीने फूटपाथवरून जुना प्रश्नसंच आणला. दोन-तीन महिन्यांत शंभरातले नव्वद बरोबर यायला लागले. आम्ही चाळीत सांगत सुटलो. आणि हवामानाच्या पेपरात ती नापास झाली. भावाने पतपेढीतून कर्ज काढलेले. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. "मुलीच्या जातीला कशाला ही उठाठेव," असे बोलणारेही भेटले, आपल्यातलेच.

चूक कुठे झाली ते आठ दिवसांनी कळले. उंची दाखवणाऱ्या यंत्राचा प्रश्न होता. हे यंत्र जमिनीपासून अंतर मोजत नाही, हवेचा दाब मोजते. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात गेलो आणि यंत्रावरचा आकडा बदलून घेतला नाही, तर यंत्र काय दाखवेल? आमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत पोरगी म्हणाली, "ब. खऱ्यापेक्षा जास्त." बरोबर. मग आम्ही सहज उलटे विचारले, कमी दाबातून जास्त दाबात गेलो तर? ती पुन्हा म्हणाली, "ब." तिला प्रश्न पाठ झाला होता, यंत्र समजले नव्हते.

बांधवांनो, हा एका मार्काचा प्रश्न नव्हे. जमिनीलगत दाबात 10 हेक्टोपास्कलचा फरक पडला की उंचीत सुमारे 300 फुटांचा फरक पडतो. समोर सह्याद्रीचा डोंगर ढगात बुडालेला आहे आणि यंत्र सांगते आपण त्याच्या वरून चाललो. प्रत्यक्षात आपण 300 फूट खाली आहोत. तिथे अ, ब, क, ड कोण देणार? गिरणीत धागा तुटला की जॉबर येऊन विचारायचा, का तुटला? ताण जास्त झाला की खात्यातली हवा कोरडी पडली? पर्याय देऊन त्याने कधी विचारले नाही.

त्या दिवसापासून आम्ही पर्यायांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवू लागलो. आधी धडा वाचायचा, मग प्रश्न. उत्तर आधी स्वतःच्या शब्दांत सांगायचे, मग पट्टी काढायची. बाकीची उत्तरे का चुकीची, तेही सांगायचे. चुकलेला प्रश्न कारणासकट वहीत, आणि तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा, आकडे बदलून. नुसते वाचण्यापेक्षा आठवून उत्तर दिल्याने आठवड्यानंतरही जास्त लक्षात राहते, असे रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांना 2006 सालच्या प्रयोगात आढळले होते. आम्हाला ते नंतर कळले, वही आधी सुरू झाली.

मजाही यायची. बाहेर 20 अंश तापमान असताना इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये बर्फ कसा धरतो? उत्तर तिला येत होते, कारण येत नव्हते. वहिनी म्हणाल्या, "अगं, माठातलं पाणी गार कशानं होतं?" पेट्रोलची वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते, अरुंद गळ्यातून जाताना हवाही गार होते, आणि हवेत ओल असली की तिचा बर्फ होतो. तो धडा त्या माठाने शिकवला.

वेळेच्या गणितात तर आमचाच इतिहास निघाला. पृथ्वीच्या एका अंशाला 4 मिनिटे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, म्हणून ग्रीनविचपेक्षा साडेपाच तास पुढे. मुंबईचे रेखांश लावले की 4 तास 51 मिनिटे येतात. हीच मुंबईची जुनी वेळ. 1906 साली नवी वेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनीच तिला विरोध केला होता. पोरगी हिशेब करीत होती, आम्ही गोष्ट सांगत होतो. अभ्यास तेवढा मागे पडला, हे कबूल.

एक सावधगिरी. जुन्या संचात कायद्याचे नाव एअरक्राफ्ट ॲक्ट 1934 असे असते. 1 जानेवारी 2025 पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम 2024 आला. रेडिओ परीक्षेचा अधिकारही त्या कायद्याने दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे दिला. जुना संच बरोबर म्हणून जे पाठ करायला लावतो, ते आज चूक ठरू शकते. तेव्हा नियमांचे प्रश्न सोडवताना शेजारी आजचा नियम उघडा ठेवा.

दुसऱ्या खेपेला हवामानाचा पेपर सुटला. दिशादर्शन अजून बाकी आहे. वही आम्ही सोबत आणली आहे. ज्यांची मुले कुठल्याही पर्यायवाल्या परीक्षेला बसणार आहेत, त्यांनी ती इथेच बसून पाहावी, घरी नेऊ नये. रात्री आम्हाला लागते.

जयभीम.