आरसा अडकतो तेव्हा



वसंत व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आमचा आजचा विषय मात्र जेमतेम दीड इंच रुंदीच्या एका आरशाचा आहे. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातला हा आरसा वर जाऊन तिथेच अडकला, तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढेच आम्ही सांगणार आहोत. पुष्कळांच्या कपाटात वडिलांचा किंवा काकांचा असा एखादा कॅमेरा पडून असेल. तेव्हा विषय अगदीच परका वाटू नये.

आमच्या टेंभी नाक्यावरच्या एक वहिनी मध्यंतरी कापडी पिशवीत पेन्टॅक्स के १००० घेऊन आल्या. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ पर्यंत तयार होत होता. त्यांच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षे झाली. आनंद दिघे यांनी १९७८ साली नाक्यावर सुरू केलेल्या नवरात्रोत्सवात ते दरवर्षी हा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडत. मुलाने तो काढला, कळ दाबली, खट् असा आवाज झाला आणि पाहण्याच्या खिडकीत काळोख पसरला. आम्ही म्हणालो, "वहिनी, असे कॅमेरे आजही जुन्या बाजारात मिळतात." त्या म्हणाल्या, "भाऊजी, कॅमेऱ्याचं नाही हो. आत त्यांचा शेवटचा रोल आहे." पाहिले, तर आकडा बावीसवर होता.

आता आत काय घडते ते पाहू. लेन्समधून येणारा प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर दुधी काचेवर जातो आणि तिच्यावरच्या लोलकातून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. कळ दाबली की आरसा वर उडतो, मागचा पहिला पडदा सरकून फिल्म उघडी पडते, दुसरा पडदा तिला झाकतो आणि आरसा खाली येतो. इथे एक मेख आहे. अशा यांत्रिक कॅमेऱ्यात आरशाला खाली येण्याची मोकळीक दुसरा पडदा देतो. त्याने आपली धाव पुरी केली, तरच आरशाचा अडसर सुटतो. म्हणजे आरसा अडकलेला दिसला तरी दुखणे कित्येकदा पडद्याचे असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपली गत होते ती इथेच!

शिवाय आरसा खरोखर अडकला आहे का, हेही आधी पाहावे. १९३६ साली ड्रेस्डेनमध्ये निघालेल्या कीने एक्झाक्टाचा आरसा पुढचा फोटो भरेपर्यंत वरच राहतो. तो त्याचा धर्मच आहे. आरसा आपोआप परतण्याची सोय १९५४ च्या असाहिफ्लेक्स दोन-बी ह्या जपानी कॅमेऱ्याने प्रचारात आणली. १९५९ च्या निकॉन एफला आरसा मुद्दाम वर ठेवण्याची वेगळी कळ आहे. आणि १९७८ च्या निकॉन एफईसारख्या विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात सेल उतरला, तरी आरसा वर राहतो. वेगाची चकती 'एम ९०' वर फिरवली की तो खाली येतो. नवा सेल घातल्यावर रोग संपला! म्हणून आपला कॅमेरा कोणत्या जातीचा, हा पहिला प्रश्न. के १००० मध्ये सेल फक्त प्रकाश मोजण्यापुरता असतो. त्यामुळे सेलावर दोष ढकलण्याची सोय आम्हांला नव्हती.

दुसरा प्रश्न, आत रोल आहे का? असेल तर आधी रोल, मग आरसा. लेन्स काढण्याची घाई करू नये. पडदा अर्धवट उघडा राहिला असेल, तर समोरची फिल्म उजेडाने जळते. पाठ तर मुळीच उघडू नये. कॅमेऱ्याच्या तळाची बारीक कळ दाबून वरचा हँडल बाणाच्या दिशेने सावकाश फिरवावा. हाताला ओढ लागते आणि शेवटी फिल्म सुटून हँडल एकदम हलका होतो. तो हलकेपणा आला, तेव्हा वहिनींच्या आधी आम्हीच निःश्वास सोडला. हँडल फिरलाच नाही, तर पूर्ण अंधाऱ्या खोलीत पाठ उघडून रोल हाताने काढावा लागतो. तिथे लाल दिवाही चालत नाही.

रोल निघाल्यावर लेन्स उतरवून आरशाची कडा कोरड्या लाकडी काडीने हलकेच खाली ओढली. आरसा अनिच्छेने सुटला आणि त्याच्यामागे काळे चिकट तंतू आले. निदान झाले! आरसा वर आदळतो तिथे त्याला धक्का बसू नये म्हणून फोमची पट्टी असते. हा फोम हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षे विरत जातो आणि त्याचे डांबर बनते. आपल्या ठाण्याची खाडी आणि चार महिन्यांचा पाऊस ध्यानात घेतला, तर ह्यात नवल ते काय? तंतू आले नसते आणि आरसा वरच ओढ घेत राहिला असता, तर समजायचे की आतले तेल सुकून गोंद झाले आहे. ते काम जाणत्या कारागिराचे.

इथे आमचे एक पाप सांगितले पाहिजे. तरुणपणी असाच आरसा अडकला, तेव्हा आम्ही शिवणयंत्राचे तेल दोन थेंब सोडले. आठ दिवस कॅमेरा सुरेख चालला! मग तेल पसरत पडद्यापर्यंत गेले, त्याला धूळ चिकटली आणि कॅमेरा कायमचा बसला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. आम्ही तेलाचे बांधले होते.

वहिनींच्या कॅमेऱ्यात आम्ही दुधी काच आणि आरसा कागदाने झाकले, काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नुसता ओलावा दिला आणि डांबर थोडे थोडे टिपले. आरशाला बोट लावले नाही. त्याचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या अंगाला असतो आणि पुसताना निघून येतो. मग तेवढ्याच जाडीची नवी पट्टी बसवली. पट्टी पातळ असली तर आरसा जोराने आदळतो, जाड असली तर पुरता वर जात नाही. दोन संध्याकाळी गेल्या. आरसा आता खाली येतो.

आणि रोल? तो कृष्णधवल होता, म्हणून आशा होती. घरीच धुतला. बरीचशी चित्रे काळाच्या धुक्यात गेली होती, पाच-सहा उमटली. एकात देवीच्या मिरवणुकीची गर्दी आहे. एकात खिडकीत उभ्या तरुण वहिनी आहेत, आणि फोटो काढू नका म्हणून हात पुढे केला आहे. वहिनी तो बराच वेळ पाहत बसल्या.

श्रोतेहो, त्या दिवशी मुलाने पाठ उघडली असती, तर कॅमेरा कदाचित दुरुस्त झाला असता, पण तो हात कुणाला पुन्हा दिसला नसता. म्हणून घरी जाऊन कपाटातला कॅमेरा जरूर काढा, मात्र कळ दाबण्यापूर्वी आकडा पाहा. आणि काही अडकलेच, तर जोर करण्याआधी थोडे थांबा. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.